पाय लागलेलं प्यादं

"श्रिया, सतरा नंबरचा घोडा दाराकडे का बघून राहिला आहे?"

मी वळून पाहिलं. हॉलमध्ये चाळीस टेबलं होती, म्हणजे एकशे साठ घोडे. त्यातले एकशे एकोणसाठ शिस्तीत समोर बघत होते आणि सतरा नंबरच्या टेबलावरचा एक पांढरा घोडा खरोखरच मान वळवून दाराकडे बघत होता. हे अमिता आत्याला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं होतं, चष्मा डोक्यावर असताना.

"त्याला पोह्यांचा वास आला असेल," मी म्हणाले.

"त्याला सरळ कर. आणि पोह्यांचं नाव नको काढूस, माझा नाष्टा अर्धाच झालाय."

आशियाई अजिंक्यपद बुद्धिबळ स्पर्धेची नववी, म्हणजे शेवटची फेरी सुरू व्हायला अर्धा तास होता. गेले दहा दिवस बावीस देशांचे खेळाडू आमच्या इंदूरात राहत होते, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बारा पंचांपैकी एक माझी आत्या होती. मी तिच्या वशिल्यानं स्वयंसेवक झाले असं कॉलनीत सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. मी रीतसर फॉर्म भरला होता. आत्यानं तर तो एकदा परत पाठवला, कारण मी जन्मतारीख चौकटीच्या बाहेर लिहिली होती.

माझं काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येक टेबलावर दोन झेंडे, दोन पाण्याच्या बाटल्या आणि दोन स्कोअरशीट ठेवायच्या. स्कोअरशीट म्हणजे खेळाडू आपली प्रत्येक चाल ज्यावर लिहितो तो कागद. त्याच्याखाली पिवळी प्रत असते. डाव संपला की दोघं सह्या करतात आणि वरची प्रत मी ऑफिसात नेऊन देते. पहिल्या दिवशी मी दोन देशांचे झेंडे उलटसुलट लावले होते. ते दोन देश अजिबात हसले नाहीत. पण मी आता अशा गोष्टींनी खचत नाही. नववीपर्यंत मी हजेरी देतानासुद्धा घाबरायचे. दहावीत स्नेहसंमेलनाचं निवेदन केलं, आणि आता अकरावीत असताना घरचे म्हणतात की तो माईक कुणीतरी हिच्या हातातून परत घ्या.

आत्या त्रेपन्न वर्षांची आहे. तुकोगंजातल्या एका सरकारी ऑफिसात ती पेन्शनच्या फायली बघते, सुदामा नगरात आमच्याच घरी खालच्या खोलीत राहते, आणि तिला बुद्धिबळ येत नाही. हे मी पूर्ण आदरानं सांगते आहे. मागच्या दिवाळीत मी तिला चौदा चालींत मात केली. हरल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. पण आठवी चाल तू आधी लिहिलीस आणि मग खेळलीस. आधी खेळायची, मग लिहायची. वॉर्निंग." मला वाटत होतं ती डाव बघते आहे. ती माझं पेन बघत होती.

"मला खेळता येत नाही, मला नियम येतात," असं ती कुणालाही सांगते. वीस वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसात स्पर्धा झाल्या. साहेबांनी वजिराला हात लावला, मग सोडला आणि घोडा हलवला. निकाल द्यायला कुणी तयार होईना. कुणाला एकदम लघवीला लागली, कुणाला फोन आला. आत्या म्हणाली, "सर, वजीर हलवावा लागेल." साहेब हरले. त्यानंतर आत्याचं प्रमोशन फार वर्षं झालं नाही, पण देवास, उज्जैन, खंडवा, जिथे म्हणून लहान मुलांच्या स्पर्धा असतील तिथून बोलावणी यायला लागली. तिच्या सगळ्या सुट्ट्या तिकडेच गेल्या. सात वर्षांखालच्या गटात पंचाला नियमांपेक्षा रुमाल जास्त लागतात, असं ती म्हणते.

घरीही तोच कायदा. ताटातल्या गुलाबजामला हात लागला की तोच घ्यायचा. एकदा बाबांनी सर्वांत मोठ्याला हात लावला, मग शुगर आठवली म्हणून शेजारचा लहान घ्यायला गेले.

"सुजय. टच."

"अगं ताई, घर आहे हे! ऐसा थोडी ना असतं!"

"हात लावलास ना?"

बाबांनी मोठा खाल्ला आणि आईला सांगितलं की माझा नाइलाज होता, नियम आहे. तेव्हापासून ते नेहमी मोठ्यालाच हात लावतात.

तर अशा आत्याला इंटरनॅशनल आर्बिटर व्हायचं होतं. त्यासाठी चार नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे मोठ्या स्पर्धेत पंचगिरी केलीत आणि चांगली केलीत, असं मुख्य पंचानं सही करून लिहून दिलेलं एक पान. आत्याकडे तीन पानं होती, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, गाद्यांच्या कपाटात. पण या पानांना मुदत असते. पहिलं पान मार्चमध्ये बाद होणार होतं, आणि हा डिसेंबर होता. मार्चच्या आत जवळपास दुसरी मोठी स्पर्धा नव्हती. म्हणजे आज संध्याकाळी मिसेस लिम यांनी सही केली की आत्या इंटरनॅशनल, नाहीतर परत मागे.

मिसेस लिम सिंगापूरच्या. मुख्य पंच. इतक्या हळू बोलायच्या की रागावल्यात हे कळायला दोन मिनिटं लागायची. त्यांना आत्या आवडली होती. पहिल्या दिवशी आत्याला तेहतीस ते चाळीस नंबरची टेबलं मिळाली होती. रोज ती एकेक पायरी वर चढत गेली, आणि शेवटच्या फेरीला मिसेस लिमनी तिला पाच ते आठ दिली. ही मानाची टेबलं. पहिल्या आठ टेबलांवरचे पट साधे नसतात. त्यांच्या पोटात तारा असतात, आणि सोंगटी जिथे ठेवाल ते घर कम्प्यूटरला कळतं. तिथून ते सगळ्या जगाला दिसतं. ते सगळं मानस भिया (इंदूरात दादाला भिया म्हणतात) बघत होते, एका कोपऱ्यात दोन लॅपटॉप आणि एक हीटर घेऊन.

"आत्या, आज जग बघून राहिलंय," मी तिला म्हणाले.

"पट बघतं जग. मला नाही बघत. बाटल्यांची लेबलं बाहेरच्या बाजूला कर."

अकरा वाजता घड्याळं सुरू झाली. सुरुवातीची पाच मिनिटं फोटोवाल्यांची, मग अशी शांतता की कुणी चॉकलेटचा कागद सोलला तरी चाळीस माना वळाव्यात. सहा नंबरच्या टेबलावर पांढऱ्या सोंगट्या घेऊन उझबेकिस्तानचे रुस्तम होते. पन्नाशीचे, मोठ्या दाढीचे. रोज सकाळी ते तीन प्लेट पोहे खायचे आणि वर इतकी शेव घ्यायचे की पोहे आहेत हे विश्वासावर सोडावं लागायचं. त्यांच्यासमोर काळ्या सोंगट्या घेऊन मंगोलियाचा गानबोल्ड. एकोणीस वर्षांचा, सगळे दिवस एकच मरून स्वेटर. बरोबरी झाली तरी त्याला विश्वचषकाचं तिकीट मिळणार होतं. हरला तर घरी. म्हणून तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

अडीचच्या सुमाराला बहुतेक डाव आटपले. सहा नंबरवर मात्र दोघांच्या घड्याळात दीड-दोन मिनिटं उरली होती. प्रत्येक चालीला वरून तीस सेकंद मिळतात तेवढ्यावर चाललं होतं. दोघं पटावर इतके वाकले होते की कपाळं आपटतील असं वाटत होतं. रुस्तमनी एक काळं प्यादं मारलं आणि ते घड्याळाशेजारी आपटलं. ते गडगडलं आणि टेबलावरून खाली कार्पेटवर पडलं. त्या दोघांना पत्ताही नव्हता.

मी पाच फुटांवर उभी होते, आठ नंबरकडे न्यायची पाण्याची बाटली हातात धरून. पुढे जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

आत्या सात नंबरकडून आली. तिच्या चपलेचं टोक प्याद्याला लागलं. ती थांबली, वाकली, उजव्या हातानं प्यादं उचललं, कपाळाला लावलं, छातीला लावलं. वहीला पाय लागला तर आपण करतो ना, अगदी तसं. तेवढ्यात आठ नंबरच्या खेळाडूनं हात वर केला. आत्याचं सगळं लक्ष तिकडे गेलं. तिनं हातातली वस्तू न बघता जवळच्या जागी ठेवली आणि ती आठ नंबरकडे गेली.

जवळची जागा म्हणजे पट होता. काठावरचं एक रिकामं घर.

मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. कुणीच ओरडलं नाही. रुस्तमनी चाल केली. गानबोल्डनं केली. परत रुस्तमनी. मेलेलं प्यादं आरामात उभं होतं आणि दोघांपैकी कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. मी, जी आता कशालाच घाबरत नाही, ती मी बाटली धरून खांबासारखी उभी राहिले.

ओरडला तो मानस भियांचा लॅपटॉप. म्हणजे लाल झाला. भिया पळत आले आणि मिसेस लिमच्या कानात कुजबुजले, पण इंदूरची कुजबुज ती, आठ टेबलांपर्यंत गेली. "मॅडम, सिक्स पे एक प्यादा ज़िंदा हो गया है!"

मिसेस लिमना शब्द कळले नसतील, चेहरा कळला. त्यांनी जाऊन घड्याळ थांबवलं. दोघांनी डोकी वर काढली आणि पहिल्यांदा पूर्ण पट बघितला.

रुस्तम आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "हे मी मारलं होतं!" ते इंग्रजीत म्हणाले. "यानं परत ठेवलं! काळं प्यादं आहे, कुणाचा फायदा? याचा!"

गानबोल्डला इंग्रजी जेमतेम येत होतं. तो नुसती मान हलवत राहिला. "नो. नो मी. नो." त्याच्या कानाच्या पाळ्या स्वेटरच्या रंगाच्या झाल्या.

कॅमेरे फक्त पहिल्या चार टेबलांवर होते. मिसेस लिमनी आत्याला बोलावलं. "मिस पोतनीस, हे तुमचं टेबल. इथे खेळाडूंशिवाय दुसरं कुणी आलं होतं?"

आत्या ताठ उभी राहिली. फायलीवर शेरा मारावा तशी म्हणाली, "नाही मॅडम. मी सतत इथेच होते. पटाला खेळाडूंशिवाय कुणाचाही हात लागलेला नाही."

आणि मला कळलं की तिला माहीतच नाही.

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. तिच्या हातानं ते काम परस्पर उरकून टाकलं होतं, तिला न विचारता, पन्नास वर्षं उरकत होता तसंच. आणि तिच्या त्या एका वाक्यानं गानबोल्ड बुडाला होता. मिसेस लिम खूप हळू आवाजात रघुवीरजींना, म्हणजे उपमुख्य पंचांना, म्हणाल्या, "मुद्दाम ठेवलं असेल तर डाव द्यावा लागेल." त्या रागावल्या होत्या हे मला या वेळी लगेच कळलं.

मी मनात हिशेब केला आणि मला तो आवडला नाही. बोलले तर आत्याचं चौथं पान गेलं. नाही बोलले तर मरून स्वेटर गेला. आणि हे फक्त मला माहीत होतं. एवढं भाषण येतं, निवेदन येतं, पण तोंडाला कोरड पडली. शेवटी मी हातातल्या बाटलीचं झाकण उघडून आठ नंबरचं पाणी स्वतः प्यायले आणि आत्याची बाही ओढली.

"आत्या."

"नंतर."

"आत्या, तू ठेवलंस."

"काय ठेवलं?"

"प्यादं. खाली पडलं होतं. तुझा पाय लागला. मग तू नमस्कार केलास. मग ठेवलंस."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, काहीतरीच काय, किंवा गप्प बस. तिनं विचारलं, "कुठला पाय?"

"उजवा."

"हात?"

"उजवाच. मग आठ नंबरवाल्यानं हात वर केला आणि तू तिकडे बघितलंस."

"तू स्वतः पाहिलंस? अंदाज नाही?"

"पाहिलं."

तिनं आपला उजवा हात उलटा केला, सुलटा केला. कोरा होता. मग तिनं ओढणी नीट केली आणि मिसेस लिमकडे वळली. "मॅडम, माझ्या आधीच्या विधानात दुरुस्ती आहे. प्यादं मी ठेवलं."

हॉलमध्ये एक तरंग गेला. मिसेस लिमनी विचारलं, "तुम्ही? का?"

"माझा पाय लागला होता."

"मग?"

"मग मी... क्षमा मागितली."

"कुणाची?"

"प्याद्याची."

मिसेस लिमनी भुवया वर केल्या. "तुम्ही प्याद्याची क्षमा मागितलीत."

"वाकून, कपाळाला लावून," आत्या म्हणाली, आणि त्यांना नीट समजावं म्हणून तिनं खिशातलं पेन खाली टाकलं, त्याला हलकेच पाय लावला, उचललं, कपाळाला लावलं, छातीला लावलं. आजूबाजूला उभे असलेले रघुवीरजी, मानस भिया, पाणीवाला, दोन भारतीय खेळाडू, सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या, म्हणजे हे तर असतंच. मिसेस लिम त्या सगळ्या मानांकडे बघत राहिल्या.

रुस्तम उठून उभे राहिले. "म्हणजे ही बाई काळ्यासाठी प्रार्थना करत होती?"

"नाही सर," आत्या म्हणाली. "तुमच्या पांढऱ्याला पाय लागला असता तर त्यालाही नमस्कार केला असता. मी तटस्थ आहे."

मानस भियांनी खोकल्याच्या नावाखाली बराच वेळ काहीतरी केलं.

गानबोल्डला या सगळ्यातले तीन शब्द कळले असावेत. पाय, लागला, क्षमा. अचानक त्याचा चेहरा उजळला. तो उभा राहिला आणि त्यानं आत्यापुढे हात केला. आत्या गोंधळली. रुस्तमना वाटलं, पोरानं डाव सोडला. त्यांनी लगबगीनं आपला हात पुढे केला. मिसेस लिम म्हणाल्या, "थांबा! तुम्ही हार मानताय का?" गानबोल्ड म्हणाला, "नो, नो! मंगोलिया. फूट, फूट," आणि स्वतःचा बूट मिसेस लिमच्या बुटाला हळूच लावून त्यानं झटकन त्यांच्याशी हात मिळवला. "सॉरी. सेम!"

त्यांच्याकडे म्हणे कुणाला चुकून पाय लागला तर लगेच हात मिळवतात. म्हणजे आत्याला समजून घेणारा सगळ्या हॉलमधला एकमेव परदेशी माणूस तोच निघाला, जो आत्तापर्यंत तिच्यामुळे हरायला निघाला होता. आत्यानं त्याचा हात हातात घेतला आणि दोनदा हलवला. रुस्तम आपला हात तसाच हवेत धरून उभे होते, मग त्यांनी त्याच हातानं दाढी खाजवली.

आता पुढे काय करायचं हा प्रश्न होता. मिसेस लिमनी रघुवीरजींकडे बघितलं. रघुवीरजींनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि अनुक्रमणिका शोधायला लागले.

"मॅडम," आत्या म्हणाली, "प्यादं आलं त्याच्या आधीची स्थिती लावायची. म्हणजे एकेचाळिसावी चाल. घड्याळातल्या वेळा मानसकडे आहेत, त्या तशाच भरायच्या. दोघांच्या एकाग्रतेचा भंग झाला आहे, त्याबद्दल जादा वेळ देणं तुमच्या अधिकारात आहे. दोन मिनिटं योग्य होतील. पंचाच्या चुकीबद्दल दोघांची माफी मागायची. आणि संबंधित पंचाला टेबलावरून काढायचं."

मिसेस लिमनी एकेक गोष्ट त्याच क्रमानं केली. शेवटची करताना जरा थांबल्या. "मिस पोतनीस, कृपया दोरीच्या बाहेर, प्रेक्षकांत."

"येस मॅडम," आत्या म्हणाली, आणि गळ्यातला पंचाचा पट्टा काढून, घडी करून, त्यांच्या हातात दिला.

घटनेचा लेखी अहवाल लागतो. रघुवीरजींनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा कागद चुरगळला. शेवटी दोरीच्या बाहेर, मागच्या टेबलावर, आत्यानंच तो लिहिला, कारण असली भाषा तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती. मी शेजारी बसून वाचला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा: 'कर्तव्यावरील पंच अ. पोतनीस यांच्या उजव्या पायाचा काळ्या प्याद्यास स्पर्श झाला. उक्त पंचांनी ते उचलून, योग्य तो आदर व्यक्त करून, निष्काळजीपणे पटावर ठेवले. दोन्ही खेळाडू निर्दोष आहेत. सदर बाब स्वयंसेविका कु. श्रिया पोतनीस यांनी वेळीच निदर्शनास आणून दिली.' खाली 'कारण' असा एक रकाना होता. तिथे आत्यानं थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं: सवय.

"निष्काळजीपणे कशाला लिहिलंस?" मी विचारलं. "चुकून लिही ना."

"बघून ठेवलं असतं तर टेबलावर ठेवलं असतं. बघितलं नाही. त्याला निष्काळजीपणाच म्हणतात."

मिसेस लिम आल्या, उभ्यानंच अहवाल वाचला, परत एकदा वाचला. म्हणाल्या, "आजवर माझ्याकडे आलेला हा सर्वांत चांगला अहवाल आहे." मग आणखी हळू म्हणाल्या, "नॉर्मवर मला सही करता येणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

"हो मॅडम. मीही केली नसती."

त्या गेल्यावर मी टेबलाच्या कडेवर नखानं ओरखडे काढत बसले. "मी बोलले नसते तर?"

"तर तो मुलगा हरला असता आणि मी इंटरनॅशनल झाले असते," आत्या म्हणाली. मग तिनं पेनाचं टोपण लावलं. "तुझा आवाज मात्र फार हळू होता. एवढी निवेदनं करतेस. पुढच्या वेळी जरा मोठ्यानं सांग."

"आता परत किती लागतील?"

"दोन. मार्चमध्ये पहिलं बाद झालं की दोनच उरतील." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, वर्षं असावीत किंवा रजा. "खरं म्हणजे मी दिवसातनं किती वस्तूंना नमस्कार करते याचा काही हिशेबच नाही गं. ऑफिसात स्टेपलर पडला तरी करते. परवा लिफ्टच्या दाराला केला. हे बंद करायला काय करतात?"

मला वाटतं बंद होत नाही.

हळूहळू हॉल रिकामा झाला. बक्षीस समारंभासाठी पलीकडच्या हॉलमध्ये खुर्च्या लावण्याचे आवाज यायला लागले. इकडे फक्त सहा नंबरचा डाव उरला. दोरीच्या बाहेर प्रेक्षकांसाठी पन्नास खुर्च्या होत्या आणि त्यातल्या चाळीस रिकाम्या होत्या. मी एका खुर्चीवर पाय दुमडून बसले. आत्या बसली नाही. ती पहिल्या रांगेपुढे, दोरीला अजिबात न टेकता, हात मागे बांधून उभी राहिली. गळ्यात पट्टा नव्हता. एक बाई येऊन तिला म्हणाली, "बैठिए ना दीदी, इतनी कुर्सियाँ हैं." आत्या म्हणाली, "डाव चालू आहे."

दीड तास ती तशीच उभी होती. अधूनमधून मनगटावरच्या घड्याळात बघायची आणि मग तिकडच्या घड्याळाकडे, दोन्ही जुळतात ना म्हणून. डावात काय चाललंय हे तिला कळत नव्हतं. मी सांगायला लागले की गानबोल्डचा हत्ती आता मागे आला, तर म्हणाली, "शू."

साडेचारला दोन्ही राजांशिवाय पटावर फारसं काही उरलं नाही. रुस्तमनी वर बघितलं, गानबोल्डनं वर बघितलं, आणि दोघांनी हात मिळवला. बरोबरी. मंगोलियाची चार माणसं एकदम उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्याही. मानस भिया हीटरवरून उडी मारून आले. मीही हात वर केले, तर आत्यानं माझं मनगट धरलं.

"सह्या होऊ देत."

आम्ही थांबलो. गानबोल्डला रडू येत होतं आणि त्याचं पेन चालत नव्हतं. रुस्तमनी त्याला आपलं दिलं. त्यानं सही केली. रुस्तमनी केली. मग कागदांची अदलाबदल, परत दोन सह्या. तोवर बाकीच्यांच्या टाळ्या संपल्या होत्या आणि लोक पिशव्या उचलून समारंभाकडे निघाले होते.

डाव अधिकृतपणे संपल्याची खूण म्हणून रघुवीरजींनी दोन्ही राजे उचलून पटाच्या मधोमध ठेवले. आत्यानं माझं मनगट सोडलं, मागे बांधलेले हात पुढे घेतले आणि त्या रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये एकटीनं टाळ्या वाजवल्या.